वाचनालयात माहितीपट दाखवायचे आहेत: कला, निसर्ग आणि रोजचं जगणं. सुरुवात कशाने करू?

ओसरी

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा वरचा हॉल दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी मिळणार आहे. प्रोजेक्टर आहे, पडदा आहे. तिथे भारतीय माहितीपट दाखवावेत असं मनात आहे.

माहितीपट म्हटलं की आपल्या लोकांना शाळेतला तास आठवतो. मागून भारदस्त आवाज येणार, धरणाची उंची सांगणार, आणि शेवटी देश प्रगतिपथावर. चांगला माहितीपट असा नसतोच. फरीदा पाचा यांचा 'माय नेम इज सॉल्ट' (२०१३) घ्या. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारं एक कुटुंब आहे. पावसाळा संपल्यावर ते येतात आणि आधी जमीन खणतात, कारण गेल्या हंगामात पुरून ठेवलेलं पंपाचं इंजिन बाहेर काढायचं असतं. मग महिनोन् महिने पायांनी चिखल तुडवून वाफे सारखे करायचे. कुणी काही समजावून सांगत नाही. तुम्ही नुसते बघत राहता, आणि शेवटी मिठाचे खडे दिसतात तेव्हा त्यामागचं एकेक पाऊल आपल्याला माहीत असतं. हे बातमीने होत नाही, पुस्तकानेही क्वचितच होतं. म्हणून ही धडपड.

येणारे लोक म्हणजे निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं, बचत गटाच्या बायका, काही शेतकरी. इंग्रजी सबटायटल्स सगळ्यांना वाचता येणार नाहीत. काय दाखवू आणि आधी काय, नंतर काय?

तंबूतला_पोरगा

आधी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'! (२०१६, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया.) आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमधले तंबू टॉकीजवाले. लॉरीवर प्रोजेक्टर लादून गावोगाव जायचं, रीळ वेळेवर पोचत नाही म्हणून लोकांच्या शिव्या खायच्या, आणि त्यातच डिजिटलचं संकट. कानच्या महोत्सवात माहितीपटांसाठीच्या ल'इल दोर पुरस्काराच्या वेळी त्याची खास दखल घेतली गेली. तुमच्या निवृत्त शिक्षकांपैकी निम्म्यांनी तरी तंबूत बसून सिनेमा पाहिलेला असणार. त्यातला म्हातारा मेकॅनिक स्वतः बनवलेला प्रोजेक्टर दाखवताना त्याचा चेहरा काय फुलतो! आमच्याकडे बघताना घरातले सगळे पुढे सरसावून बसले होते.

जुनी_रीळ

ओसरी, त्या भारदस्त आवाजाच्या बाजूने मी चार शब्द बोलतो, कारण आमची पिढी त्यावरच वाढली.

१९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. थिएटरला परवाना हवा तर मुख्य सिनेमाआधी त्यांचं समाचारचित्र किंवा माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं. आमच्याकडे ती शेंगदाणे घेऊन येण्याची आणि अंधारात आपली जागा शोधण्याची वेळ. पण त्याच संस्थेच्या पैशावर काही लोकांनी भलतंच धाडसी काम करून ठेवलंय. एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) बघा. १९४७ साली जन्मलेली, म्हणजे देशाच्याच वयाची मुलंमुली कॅमेऱ्यासमोर बसतात आणि त्यांना देशाबद्दल काय वाटतं ते बोलतात. एक जण स्वप्नं सांगतो, दुसरा सरळ म्हणतो की देशाबद्दल प्रेमबिम काही वाटत नाही. सरकारी पैशातून काढलेल्या फिल्ममध्ये हे! वीसेक मिनिटांची आहे. कॉलेजच्या मुलांना दाखवा आणि नंतर तेच प्रश्न त्यांना विचारा. तासभर कुणी उठणार नाही.

कडूनिंब

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. बरेचसे गाजलेले भारतीय माहितीपट बघितले की एकच वाटतं: आपलं दुःख, आपली घाण, आपली गरिबी सुंदर कॅमेऱ्याने टिपायची आणि परदेशातल्या महोत्सवात न्यायची. सूरतच्या कापड गिरणीवरचा 'मशीन्स' बघितला. रंगाची वाफ, भिजलेलं कापड, झोपेने पेंगणारा पोरगा. दिसतं फार देखणं. पण त्या पोराचं काय? आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याने रविवारी संध्याकाळी येऊन शेतकऱ्यांच्याच आत्महत्या का बघाव्यात? त्याने त्या गल्लीत पाहिल्यात.

चौकट

कडूनिंब, 'मशीन्स'बद्दल एक आठवण करून देते. त्यात शेवटी शेवटी कामगार घोळका करून कॅमेऱ्यासमोर उभे राहतात आणि दिग्दर्शकालाच विचारतात, तुम्ही येता, बघता आणि निघून जाता, आम्ही काय करायचं ते सांगा. तुमचा प्रश्न त्यांनीच आधी विचारलाय, आणि दिग्दर्शकाने तो कापून टाकलेला नाही. माझ्या मते त्या फिल्मचं मोल तिथे आहे.

रानवाट

"त्या पोराचं काय" याला निसर्गावरच्या फिल्म्समध्ये कधीकधी चक्क उत्तर मिळालेलं आहे.

माइक पांडे यांची 'शोअर्स ऑफ सायलेन्स' (२०००). गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार चालायची. तेल होड्यांना लावायला आणि मांस निर्यातीला. जगातला हा सगळ्यात मोठा मासा, कुणाच्या वाटेला न जाणारा, आणि आकड्याला पिंप बांधून त्याला दमवून मारायचे. फिल्म लोकांपुढे आली आणि २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेला. पुढे किनाऱ्यावरच्या गावांत मोहीम झाली, मोरारी बापूंनी या माशाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि जे मच्छीमार शिकार करायचे तेच जाळं कापून त्याला सोडू लागले.

दुसरं उदाहरण शेखर दत्तात्री यांचं. कुद्रेमुखच्या जंगलातल्या लोहखनिजाच्या खाणीने भद्रा नदीत गाळ कसा उतरतोय ते त्यांनी 'माइंडलेस मायनिंग'मध्ये (२००१) दाखवलं. त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयात लढा चालू होता. न्यायालयाने खाण बंद करायचा आदेश दिला आणि २००५ च्या अखेरीस काम थांबलं. एकट्या फिल्मने हे झालं असं मी म्हणणार नाही. अभ्यासक होते, वकील होते, कार्यकर्ते होते. पण कागदावरचा गाळ आणि डोळ्यांनी पाहिलेला गाळ यांत फरक पडतोच.

दर्याकाठ

माझं माहेर मुंबईच्या कोळीवाड्यातलं. 'अगेन्स्ट द टाइड' (२०२३, सर्वनिक कौर) कुणी पाहिला की नाही? अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. दोन कोळी मित्र. एक बापजाद्यांच्या रीतीने जवळच्या पाण्यात मासेमारी करतो, दुसरा मोठी बोट घेऊन खोल समुद्रात जातो आणि कर्जात रुततो. मासळी मिळेना झाली की एलईडीचे दिवे लावून मासे ओढायचा मोह होतो. त्याला कायद्याने बंदी आहे आणि त्या उजेडाला लहानसहान पिल्लंसुद्धा येतात, हे दोघांनाही माहीत असतं. त्यावरून दोघं भांडतात ना, तो आवाज, ती भाषा, अगदी आमच्या ओटीवरचं भांडण वाटतं. पहिल्याला दुसरा लोभी वाटतो, दुसऱ्याला पहिला मागासलेला वाटतो, आणि दोघं एकमेकांवर जीव टाकतात.

कडूनिंबदादा, मी कोळ्याची मुलगी. माझ्या लोकांचं असं चित्रण मला हवं होतं. आजवर सिनेमात आम्ही नाचगाण्यालाच आलो. ओसरी, यात बरंच मराठी आहे, सबटायटल्सची चिंता थोडी कमी.

कडूनिंब

ताई, हा पाहिला नव्हता. मिळाला तर बघतो. माझा राग फिल्म करण्यावर नाही, बघून टाळ्या वाजवून विसरण्यावर आहे.

षड्ज

कलेबद्दल अजून कुणीच काही बोललं नाही, म्हणून येतो.

सत्यजित राय यांची 'द इनर आय' (१९७२). चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनात राय यांचे गुरू. त्यांना जन्मापासूनच एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याची नजर अधू, आणि पन्नाशीच्या वयात दृष्टी पूर्ण गेली. फिल्ममध्ये हा माणूस अंध झाल्यावर भिंतीवर फरश्यांचं मोठं चित्र उभारताना दिसतो. बोटं कागद चाचपतात, घडी घालतात, आकार शोधतात. राय स्वतः निवेदन करतात आणि कुठेही गळा काढत नाहीत. दया येत नाही, आदर वाटतो. वीस मिनिटांत एका चित्रकाराचं आयुष्य इतक्या संयमाने सांगितलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

मणी कौल यांची 'ध्रुपद' (१९८२) मात्र सुरुवातीला दाखवू नका. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा आणि झिया फरिदुद्दीन डागर यांचं गायन, आणि कॅमेरा आलापीच्याच चालीने चालतो. शेवटी तो मुंबईच्या छपरांवरून जो फिरत जातो, तिथे राग आणि शहर एकमेकांत मिसळतात. पण ज्याला गाण्याची सवय नाही तो दहाव्या मिनिटाला उठेल. जबरदस्ती नको. त्याऐवजी कुमार गंधर्वांवरची जब्बार पटेल यांची 'हंस अकेला' दाखवा. ऐकणारे आपोआप थांबतील.

मधलं_बोट

हुसेन विसरलात की! चित्रकार म. फि. हुसेन यांनी १९६७ मध्ये राजस्थानात जाऊन 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' काढली. संवाद नाहीत. छत्री, कंदील, जोडा, माणसं, किल्ले, आणि वर संगीत. बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचा 'सुवर्ण अस्वल' पुरस्कार मिळाला. सबटायटलचा प्रश्नच मिटला :)

गिरणगाव

कला आणि रोजचं जगणं एकाच ठिकाणी हवं असेल तर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'सांचा' (२००१). कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन, दोघांच्या कामातून गिरण्यांची मुंबई उभी राहते. पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट होते, ठाण्यात त्यांचं क्लिनिक होतं. दिवसभर माणसांची हाडं बघायची आणि चित्रात तीच माणसं लोकलमध्ये, इराण्याच्या हॉटेलात, रस्त्याकडेला उभी करायची. सुर्वे आपली कविता म्हणतात तेव्हा पडद्यावर बंद पडलेल्या गिरण्या असतात. १९८२ च्या संपानंतर काय काय गेलं हे आमच्या घरातल्या मोठ्यांनी कधी सलग सांगितलं नाही. मला ते इथे समजलं.

आणि आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) कसा वगळणार? १९९७ च्या रमाबाई नगरातल्या गोळीबारापासून आणि शाहीर विलास घोगरे यांच्या मृत्यूपासून सुरू होतो. पुढची चौदा वर्षं कॅमेरा त्या वस्त्यांमध्ये, त्या गाण्यांच्या मागे हिंडत राहतो. बरीचशी फिल्म मराठीत आहे. शाहिरी ऐकताना अंगावर काटा येतो. मोठी आहे, मध्यंतर ठेवा.

पाटी_पेन्सिल

शिक्षिका आहे म्हणून बायकांच्या बाजूने बोलते. बचत गटाच्या बायका येणार आहेत तर त्यांच्यासाठी सुमित्रा भावे यांची 'बाई' (१९८५) शोधा. भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक, वस्तीतल्या बायकांबरोबर काम करता करता कॅमेऱ्याकडे आल्या. काटेकोर अर्थाने हा माहितीपट नाही, पण त्या अभ्यासातूनच उगवलेला आहे. तसंच निष्ठा जैन यांची 'लक्ष्मी अँड मी' (२००७). दिग्दर्शिका आपल्याच घरी कामाला येणाऱ्या मुलीवर फिल्म करते आणि हळूहळू मालकीणबाई म्हणून तिची स्वतःचीच कसोटी लागते. हे बघून आमच्या शिक्षकखोलीत जी चर्चा झाली तशी कुठल्या व्याख्यानानंतर झाली नव्हती. एका सहकारी बाईंनी दुसऱ्याच दिवशी घरकामाच्या मावशींना आठवड्याची एक सुट्टी ठरवून दिली.

रीना मोहन यांची 'कमलाबाई' तर घ्याच घ्या. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मधल्या (१९१३) कमलाबाई गोखले, म्हातारपणी एकट्या राहणाऱ्या, तिखट जिभेच्या. एवढं आयुष्य पाहिलेली बाई स्वतःबद्दल इतकं मोकळं बोलते की आपण खुर्ची पुढे ओढतो.

जुनी_रीळ

पाटी_पेन्सिलताई, फाळक्यांचं नाव निघालंच तर अवांतर करतो. आपल्या देशात कॅमेऱ्याची सुरुवातच मुळी माहितीपटाने झाली आणि ती मराठी माणसाने केली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं स्वागतही टिपलं. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या थोड्या वेळाने चित्रित केलं आणि 'अंकुराची वाढ' बनवली. ती दाखवूनच त्यांना भांडवल मिळालं. म्हणजे कथापटाला पैसे मिळवून दिले ते एका रोपट्याच्या माहितीपटाने.

कडूनिंब

हे भारी आहे.

चौकट

मी माहितीपटांवर कॅमेरा सहायक म्हणून काम केलंय, म्हणून संमतीबद्दल बोलते. हा मुद्दा प्रेक्षकांनीही मनात ठेवायला हवा.

पहिल्या दिवशी घेतलेली सही पुरत नाही. ज्याच्या घरात आपण महिनोन् महिने बसतो त्याला, आपण आहोत याचाच विसर पडतो. त्या विसरात तो जे बोलतो ते वापरायचं का, हे त्याला पुन्हा विचारावं लागतं. चांगले दिग्दर्शक कच्चं संकलन आधी त्या माणसांना दाखवतात. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्या बाई एका कुटुंबाने "हे नको" म्हटल्यावर फिल्ममधला सगळ्यात प्रभावी प्रसंग काढायला तयार झाल्या. संकलक दिवसभर गप्प होता.

'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या वृत्तमाध्यमावरचा 'रायटिंग विथ फायर' (२०२१) ऑस्कर नामांकनापर्यंत गेला. नंतर खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढलं की फिल्ममध्ये आमच्या कामाचा एकच भाग दिसतो, आमची पत्रकारिता त्याहून व्यापक आहे. मला फिल्म आवडते आणि त्यांची तक्रारही योग्य वाटते. ओसरी, फिल्म दाखवलीत तर ते निवेदनही वाचून दाखवा. कुणाच्या आयुष्याची गोष्ट कोण सांगतंय यावर लोक बोलतील.

रानवाट

चौकट, +१.

मुलांसाठी आणखी दोन सुचवतो. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) दिल्लीतल्या दोन भावांचा. मांजाने पंख कापलेल्या घारी ते तळघरात आणून बऱ्या करतात. त्याच तळघरात त्यांचा साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदा. वर आकाश धुराने भरलेलं, गल्लीत शहर पेटत चाललेलं. त्यांच्याबरोबर काम करणारा तरुण खिशातून हळूच खार बाहेर काढतो, त्या एका क्षणाला आमच्या गटातली सगळी पोरं खुदकन हसली होती. आपल्याकडेही संक्रांतीला मांजाचं तेच होतं, त्यामुळे तो जानेवारीत दाखवा. नंतर कुणीतरी उठून "आपल्या गावात नायलॉन मांजा कोण विकतं" असं विचारलं पाहिजे.

दुसरा 'नॉक्टर्न्स' (२०२४, अनिर्बन दत्ता आणि अनुपमा श्रीनिवासन). अरुणाचलच्या जंगलात रात्री पांढरा कापडी पडदा ताणून त्यावर दिवा सोडतात आणि पतंग, म्हणजे रात्री उडणारे कीटक, येऊन बसतात. उंचीनुसार पतंगांचा आकार बदलतो का, हे मोजायला एक संशोधक आणि तिथले बुगुन समाजातले तरुण रात्र रात्र थांबतात. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतला पांढरा कोट नव्हे, थंडीत उभं राहून मोजत राहणं आहे, हे मुलांना दिसेल. आवाज मात्र चांगला हवा. पंखांची फडफड ऐकू आली नाही तर निम्मी फिल्म गेली.

मधलं_बोट

आणि गाणं प्लस शेती: 'अप, डाउन अँड साइडवेज'. नागालँडमधल्या फेक नावाच्या गावात भात लावताना, नांगरताना, ओझी वाहताना माणसं एकमेकांना साद घालत गातात. आपल्याकडची भलरी ऐकलेल्यांना लगेच ओळखीचं वाटेल.

परवाना

मूळ मुद्द्यावर येऊ. ओसरी, लोकांना बोलावून फिल्म दाखवायची तर दिग्दर्शक किंवा निर्मात्याची लेखी परवानगी घ्या आणि सेन्सॉर प्रमाणपत्र आहे का तेही विचारून ठेवा. ऑनलाइन वर्गणी भरली म्हणजे हॉलमध्ये दाखवायचा हक्क मिळाला असं नाही. माहितीपटवाले बहुतेकदा वाचनालयाला आनंदाने देतात, फार तर थोडं मानधन घेतात. ते द्या. फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालंय, त्यांच्या जुन्या फिल्म्ससाठी तिथे पत्र लिहा. आणि जमलं तर मुंबईच्या 'मिफ' या माहितीपट महोत्सवाला एकदा जाऊन या. १९९० पासून चालू आहे, दोन वर्षांतून एकदा भरतो, दिवसभर हेच बघायला मिळतं.

ओसरी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. वाचनालयाच्या मंडळींशी बोलून असं ठरवतोय:

पहिल्या रविवारी 'आय ॲम ट्वेंटी' आणि हुसेन यांची फिल्म, दोन्ही छोट्या, मध्ये चहा. दुसऱ्या महिन्यात 'सिनेमा ट्रॅव्हलर्स'. त्यानंतर 'कमलाबाई' आणि 'इनर आय' एकत्र. मग 'अगेन्स्ट द टाइड', आणि जानेवारीत घारी. 'सॉल्ट' मला स्वतःला पहिल्याच दिवशी लावायचा होता, पण लोकांची नजर थोडी बसली की मगच लावतो. 'जय भीम कॉम्रेड'साठी अख्खा रविवार मागून घेईन, सहा डिसेंबरच्या आसपासचा. 'सांचा'ही हवाच आहे, जागा शोधतो. परवानगीची पत्रं आजपासून लिहायला घेतो.

कडूनिंब, टाळ्या वाजवून विसरण्याबद्दल तुम्ही म्हणालात ते मंडळींना वाचून दाखवलं. प्रत्येक फिल्मनंतर अर्धा तास चर्चेला राखून ठेवायचं ठरलंय, खुर्च्या गोल करून. सबटायटल्सचं मात्र अजून अडलंय.

पाटी_पेन्सिल

सबटायटल्सवर आमच्या शाळेत केलेला उपाय सांगते. एक जण आधी फिल्म दोनदा बघतो, संवाद मराठीत लिहून काढतो आणि दाखवताना बाजूला बसून छोट्या माइकवर वाचतो. नाटकी आवाज काढायचा नाही, सपाट वाचायचं, आणि पडद्यावरचा माणूस गप्प झाला की आपणही गप्प. आठवी-नववीच्या मुली हे उत्तम करतात. त्यांना कामही मिळतं.

तंबूतला_पोरगा

आणि स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, छातीच्या उंचीवर ठेवा. जमिनीवर ठेवले की मागच्या रांगेला नुसती घरघर ऐकू येते. खिडक्यांना जाड चादरी लावा.

कडूनिंब

तुमचा तालुका कळवा. कोळ्यांची फिल्म लावाल त्या रविवारी मी येतो, चर्चेला थांबेन. दर्याकाठताई, तुम्ही पण याल का?

दर्याकाठ

यायचंच आहे. त्यातल्या बोटीवरच्या एका मित्राला पण विचारते, एलईडीवर त्याला बरंच बोलायचंय.

गिरणगाव

'सांचा' ठरला की सांगा. सुर्व्यांची 'माझे विद्यापीठ' मला पाठ आहे, फिल्म सुरू होण्याआधी म्हणतो.